आधी संत्र्याची साल

घरी रसायनशास्त्राचे प्रयोग करायचेत म्हणून लगेच किट विकत घ्यायची घाई करू नकोस. नागपुरात राहतोस, तर संत्र्यापासूनच सुरू कर. चांगल्या ताणून फुगवलेल्या फुग्याजवळ ताजी साल दुमडून पिळ. सालीच्या तेलातलं लिमोनीन हे द्रव्य रबराला कमजोर करतं आणि फुगा फाटकन फुटतो. थर्माकोलही या तेलात विरघळतं. तेल पेट घेतं, म्हणून जवळ मेणबत्ती नको. डोळ्यांवर चष्मा हवा.

मग हळद. पाण्यात कालवून कागदाला लाव, वाळव. साबणाच्या पाण्याने तो लाल होतो, लिंबाने परत पिवळा. माझी पसंती मात्र लाल जास्वंदीला. पाकळ्या गरम पाण्यात भिजव. ते पाणी आम्लात गडद गुलाबी होतं आणि खायच्या सोड्यात हिरवट, म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्ही ओळखता येतात.

तुरटीचे स्फटिक बनवायचा प्रयोग हिवाळ्यासाठी ठेव. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी इतकं भराभर उडतं की नुसते बारीक खडे हाती येतात.

व्हिनेगर-सोड्याच्या बाटलीला बूच लावायचं नाही, वायूच्या दाबाने ती फुटते. आणि भाऊ, संडास साफ करायचं अ‍ॅसिड ब्लीचमध्ये कधीच मिसळू नकोस, विषारी क्लोरीन निघतो. स्वयंपाकाची भांडीही या प्रयोगांत आणू नकोस.