समुद्राचे पाणी जायकवाडीच्या पाण्यापेक्षा जड असते का, आणि समुद्र अफाट असल्यामुळे त्याच खोलीवर दाबही अधिक असतो का?

होय, समुद्राचे पाणी जड असते, पण फरक फार मोठा नाही. पैठणच्या नाथसागरातील, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातील, एक लिटर गोड्या पाण्याचे वजन जवळपास १ किलो भरते, तर तेवढ्याच समुद्रजलाचे सुमारे १.०२५ किलो, म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्यामागे साधारण पावणेचारशे ग्रॅम जास्त. एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असूनही लिटरमागे वजन २५ ग्रॅमच का वाढते, हा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो: विरघळलेले क्षारही थोडी जागा व्यापतात, त्यामुळे त्या लिटरमध्ये पाणी किंचित कमी मावते.

दाबाचा मात्र जलाशयाच्या विस्ताराशी काहीही संबंध नाही. तो ठरतो केवळ खोली, घनता आणि गुरुत्वाकर्षण यांवर. त्यामुळे बीड किंवा लातूरकडच्या एखाद्या अरुंद विहिरीत दहा मीटर पाणी असेल, तर तिच्या तळाशी पाण्याचा दाब नाथसागरात दहा मीटर खोलीवर असतो तेवढाच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. समुद्रात त्याच खोलीवर तो जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढतो. या दोन्ही आकड्यांत वरच्या हवेचा दाब धरलेला नाही.

खरा फरक खोलीमुळे पडतो. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे ११ किलोमीटर खाली, दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असतो आणि तेथे पाणीही दबून पृष्ठभागापेक्षा सुमारे ५ टक्के अधिक घन होते.