कोवळं करडू खाणं जास्त वाईट का? एका शेळीवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की हॉटेलात वेटर कौतुकानं म्हणला "साहेब एकदम कोवळं मटण हाय, करडाचं" आणि तुमचा घासच अडकला, तर लहान जनावर खाणं मोठ्यापेक्षा जास्त चुकीचं असतं का. मी काय तत्त्वज्ञान शिकलेलो नाही, कळंबच्या अलीकडं गाव आहे आमचं, दावणीला चौदा शेळ्या, सगळ्या उस्मानाबादी (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं अजून कुणी बदललं नाही), आणि मी मटण खातो हे आधीच सांगतो म्हणजे नंतर वाद नको.

आधी एक बघा, आपण खातो ते जवळजवळ सगळं पोरवयातलंच असतं. शेळी दहा-बारा वर्षं आरामात जगते आणि बोकड वर्षाच्या आतबाहेर कापला जातो. म्हातारा बोकड कोण घेतंय, उग्र वास मारतो, शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी शिजत नाही. ब्रॉयलरचं तर विचारूच नका, पस्तीस-चाळीस दिवसात खेळ खलास. कधी दुकानापुढं जाळीची गाडी उभी असली की जरा जवळ जाऊन ऐका, दोन-दोन किलोची धूडं पण आवाज चिवचिव, पिल्लाचा. अंग वाढवलंय, वय तेवढंच राहिलंय. आमचा गावरान कोंबडा आरवायलाच चार-पाच महिने घेतो. त्यामुळं करडू नको, चिकन द्या म्हणलात तर तुम्ही वयात खालीच आलात, वर नाही.

मग करडू खाल्लं तर काही फरक नाही का? माझ्या मते आहे, पण तो कोवळेपणाचा नाही. जीव किती जातात ते मोजा. माझं करडू जन्मतं तेव्हा दोन-सव्वादोन किलोचं असतं, दहा किलोचं असताना कापलं तर हाडासकट मटण साडेचार-पाच किलो निघतं. तेच पंचवीस किलोचं होऊ दिलं तर बारा किलोच्या आसपास. म्हणजे एका बोकडाच्या जागी अडीच करडं. मागं पाहुण्यांकडं कंदुरी होती, नवसाला एक बोकड द्यायचा तो दिला आणि शंभर माणसाला पुरंना म्हणून वरचं मटण कोवळं पाहिजे असा हट्ट, बारकी चार आणली. दोन बोकडांत भागलं असतं. नळी दातानं फुटते म्हणून चार जीव, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, खाल्लं मात्र मीही, आता खोटं कशाला बोलू. (हाच हिशोब चिकनला लावला तर त्या एका बोकडाला नऊ कोंबड्या लागतात, मग डोकंच फिरतं.)

दुसरा फरक आईचा. करडू तीन महिने तरी अंगावर पितं. आम्ही तोडतो त्या दिवशी शेळी दोन रात्री ओरडते, तिसऱ्या दिवशी चाऱ्याला तोंड लावते आणि विसरते म्हणतात, विसरते का गप बसते ते तिलाच माहीत. पण महिन्या-दीड महिन्याचं पिल्लू उचललं तर कास तटतटून येते, ती दुसऱ्याच्या पिल्लाला हुंगते आणि ढुशी मारून हाकलते, पुन्हा हुंगते. ते मी दोनदा बघितलं, दोन्ही वेळा पैशाची नड होती. तेव्हापासून तीन महिन्याच्या आत करडू विकत नाही, व्यापारी दारात येऊन बसला तरी. नंतर कळलं कायदा पण तेच म्हणतो, २००१ चे कत्तलखान्याचे नियम आहेत केंद्राचे, त्यात तीन महिन्याच्या आतलं जनावर कापायचं नाही, जिचं पिल्लू तीन महिन्याच्या आत आहे ती आई कापायची नाही, गाभण कापायची नाही, डॉक्टरनं तपासल्याशिवाय तर कुठलंच नाही. आमच्याकडं रविवारी लिंबाखाली वाटे पडतात तिथं कोण डॉक्टर येतोय. वयाचं खरं पाळलं जातं ते कुर्बानीला. बकरी ईदच्या आधी गिऱ्हाईक येतं ते पहिलं बोकडाचा ओठ वर करून बघतं, दुधाचे दात पडून दोन मोठे आलेत का, म्हणजे वर्ष भरलंय. अदंत असला तर हात पण लावत नाहीत. त्यांच्यामुळं माझे बोकड वर्षभर जगतात हे मी उगाच म्हणत नाही, भावच तसा मिळतो.

आता तुमच्या प्रश्नाखाली एकांनी लिहिलंय की आम्ही शाकाहारी, आम्हाला हा प्रश्नच नाही. दादा, चहा पिता ना? जर्सीला गोऱ्हा झाला की त्याचं काय होतं ते विचारा गोठ्यावाल्याला. देवणी किंवा लाल कंधारी गोऱ्हा असला तर औताला घेतात, पैसे येतात. जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि २०१५ पासून आपल्या राज्यात गोऱ्हा-बैल कापायला बंदी, म्हणजे खाटकाला पण देता येत नाही. मग त्याचं दूध तोडतात. नुसतं तोडतात, बाकी काही करत नाहीत. रेडकाचं पण तेच, वगार झाली तर पेढे, रेडकू झालं तर दोन महिन्यात आपोआप "मेलं". युरोपात हेच गोऱ्हे वाढवून कोवळं वासराचं मांस म्हणून विकतात, पूर्वी हलता येणार नाही अशा एकेकट्या खोक्यात ठेवायचे, ते २००७ पासून तिकडं बंद केलं. आपण खात नाही म्हणून आपलं वासरू सुखात आहे असं काय नाही. दूध सोडा असं मी म्हणत नाही, मी पण सोडलेलं नाही.

तुम्ही खायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला जे टोचतं ते करडाचं पण नाही, त्याच्या आधीचं आहे. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. कडबा परवडंना, लिंबाचा पाला ओरबाडून झाला होता, मी तीन शेळ्या एकदम खाटकाला काढल्या. त्यातली कपाळावर पांढरा ठिपका असलेली, चौथ्या वेताची. संध्याकाळी खाटकाचा फोन, शिव्याच घालत होता, म्हणला येऊन बघून जा. गोणपाटावर दोन ठेवलेली, वीतभर, अंगावर केस पण आले नव्हते, खुरं तेवढी झालेली, पांढरी, मऊ, नखानं दाबली तर दबतील अशी. उपासमारीनं आईचं पोटच दिसत नव्हतं, मला कळलं नाही. कळून घ्यायची गरज पण वाटली नव्हती, हेही तेवढंच खरं.

त्यानं पैसे परत मागितले नाहीत, मीही काही बोललो नाही, दोघांनी मिळून बांधाला खड्डा केला. तेव्हापासून शेळी काढायची ठरली की आधी महिना-दीड महिना बोकडापासून लांब, वेगळ्या दावणीला बांधतो. एकवीस दिवसानं परत माजावर आली तर विकायची, नाही आली तर राहू द्यायची. बायको म्हणते एवढ्यात ती महिनाभराचा चारा खाऊन जाते. जाते की.