जन्मदात्री आणि दत्तक आई: दोघींचे आघात एकाच प्रश्नावलीने मोजता येतील का?

आपल्या प्रबंधासाठी दोन्ही गटांतील मातांना एकच प्रश्नावली देऊन त्यांच्या गुणांची तुलना केली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. दत्तक समुपदेशनाच्या कामातील अनुभवावरून सांगते: प्रश्नावली एकच ठेवा, पण नुसत्या बेरजेवर निष्कर्ष काढू नका.

आपण निवडलेल्या 'लाइफ इव्हेंट्स चेकलिस्ट'मध्ये अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, युद्ध अशा 16 घटना नावानिशी दिलेल्या असतात आणि 17वा रकाना 'इतर' असा असतो. ती बेरजेसाठी बनवलेलीच नाही. शिवाय पोटचे मूल सोपवून देणे त्या सोळांत नाही, आणि वर्षानुवर्षे वंध्यत्वाचे उपचार घेऊन हाती काहीच न लागणेही नाही. सोळाही ओळींवर 'लागू नाही' अशा भराभर फुल्या मारत आलेल्या एक बाई सतराव्या ओळीपाशी थांबल्या, पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले आणि एवढेच लिहिले: 'तीन वेळा पोटातच गेलं.' आपल्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे जेमतेम 1 गुण पडला असता.

मातांसाठी मला 'लाइफ स्ट्रेसर चेकलिस्ट'ची सुधारित, 30 प्रश्नांची आवृत्ती अधिक योग्य वाटते, कारण तिच्यात गर्भपाताचा प्रश्न आहे, घटनेच्या वेळचे वय विचारले जाते आणि ती घटना मनाला किती लागली हेही विचारले जाते. वय महत्त्वाचे आहे, कारण दत्तक आई बहुधा वयाने मोठी असते आणि जास्त जगलेल्या बाईच्या वाट्याला घटनाही जास्त येतात. मात्र तिथेही एक अडचण आहे. मूल 'मर्जीविरुद्ध' दुरावले का, असा प्रश्न त्यात आहे. आपल्याकडे जन्मदात्री बाल कल्याण समितीसमोर मूल सोपवण्याच्या कागदावर स्वेच्छेने सही करते आणि फेरविचारासाठी तिला 60 दिवस मिळतात. त्यामुळे कागदोपत्री तिचे उत्तर 'नाही' असेच येते. घरच्यांनी दार लावून घेतले म्हणून केलेल्या सहीला मर्जी म्हणायचे का, हे तिलाच स्वतंत्र प्रश्नाने विचारा.

गर्भधारणेपूर्वीच्या, गरोदरपणातील आणि मूल सोपवल्यानंतरच्या किंवा घरी आल्यानंतरच्या घटना वेगवेगळ्या नोंदवा. अमेरिकेतील 561 दत्तक कुटुंबांच्या 'अर्ली ग्रोथ अँड डेव्हलपमेंट स्टडी'ची मांडणीच या भेदावर उभी आहे: मुलाला जनुके आणि गर्भाशय एका आईचे, तर घर दुसरीचे. गरोदरपणातील मारहाण आणि बालपणातील मारहाण एकाच रकान्यात घातली, तर आईच्या आघातांपैकी मुलापर्यंत काय आणि कोणत्या वाटेने पोहोचले हे कळणारच नाही.

आणि माहिती घेणारी व्यक्ती दत्तक संस्थेबाहेरची असू द्या. मूल घरी आल्यावर 2 वर्षे पाठपुरावा चालतो, आणि त्या काळात दत्तक आई समाजसेविकेसमोर आपले जुने दुखणे सहसा उघड करत नाही. मूल परत नेतील, ही धास्ती तिच्या मनात असते. ही उत्तरे कोणत्याही अहवालात जाणार नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहा आणि तिला वाचूनही दाखवा.