फ्लॅपर म्हणजे झालर नव्हे!

प्रश्न असा आलाय की डिझायनर कलेक्शनच्या बातम्यांत सारखं 'फ्लॅपर स्टाईल' असतं, तर झालरी फडफडतात म्हणून फ्लॅपर का, आणि याला मराठीत काय म्हणायचं.

झालरीचा काडीचा संबंध नाही. हल्ली कशालाही चार झालरी लोंबल्या की झाला फ्लॅपर ड्रेस, संगीतच्या लेहंग्यालासुद्धा 'फ्लॅपर टच' आहे म्हणे! १९२०च्या दशकातल्या पाश्चात्य देशांतल्या बिनधास्त, फॅशनेबल पोरी म्हणजे फ्लॅपर, आणि त्यांच्या ड्रेसची खरी खूण म्हणजे सरळसोट कट, सपाट छाती आणि जागा सोडून पार खाली उतरलेली कंबर. झालरी तेव्हाही होत्या, नाही असं नाही, पण मिरवायचे कपडे जास्त करून मण्यांनी भरलेले असायचे, अंगभर झालरीवाला अवतार पुढच्या काळातल्या सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवला. २०१२च्या स्प्रिंग-समर सीझनला राल्फ लॉरेन आणि गुची या ब्रँडांनी १९२०चं दशक परत आणलं तेव्हा लॉरेनकडे खाली उतरलेली कंबर आणि डोक्याला घट्ट बसणाऱ्या क्लोश टोप्या होत्या, गुचीकडे त्यांची तेव्हाची डिझायनर फ्रिडा जियानिनीनं काळ्या-सोनेरी आर्ट डेको रेषा, म्हणजे त्या काळातल्या भौमितिक नक्षीच्या रेषा, घेतल्या होत्या. आणि असलं मणीकाम, कटदाणा, आरी वगैरे, युरोपातल्या मोठ्या ब्रँडांसाठी आपल्या मुंबईतले कारागीर करतात, डिओरनं मार्च २०२३मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तो उगाच नाही. असो, शब्दाकडे येतो.

फ्लॅपर म्हणजे रानबदकाचं पिल्लू! पंख आलेत, फडफड जोरात चाललीय, पण अजून धड उडता येत नाही असं. १८व्या शतकापासून इंग्रजीत हा अर्थ आहे, अशा पिल्लांच्या शिकारीला तिकडे 'फ्लॅपर शूटिंग' म्हणायचे. मग तोच शब्द १४-१६ वर्षांच्या मुलींना लागला, ज्यांची वेणी अजून पाठीवर उडतेय, केस वर बांधायचं वय झालेलं नाही. काही जण म्हणतात त्या वेणीमुळेच फ्लॅपर. म्हणोत, पण मग गंमत बघा, वेणीवरून नाव पडलं आणि पुढे नाव गाजवलं ते वेणी छाटून बॉब केलेल्या पोरींनी!

बकलं न लावता घातलेले पावसाळी बूट फटफट वाजायचे म्हणून फ्लॅपर, ही अमेरिकन गोष्ट मात्र कृपा करून फॉरवर्ड करू नका, ती बुटांची फॅशन १९२०च्या दशकातली, आणि ब्रिटनमध्ये हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या आधीच रुळला होता. 'फ्लॅप' म्हणजे १७व्या शतकातली बदनाम बाई, तिथूनच सगळं आलं असं सांगणारे विद्वानही आहेत. लंडनच्या स्लँगमध्ये तसला अर्थ होता हे मान्य, पण बाईबद्दलचा शब्द दिसला की पहिली उडी तिच्या चारित्र्यावरच मारायची ही कोशकारांची जुनी खोड आहे, समोर जिवंत बदक फडफडतंय ते यांना दिसत नाही.

माझं मत विचाराल तर या वयाच्या पोरीकडे बघून मोठ्यांना सगळीकडे पंखच आठवतात. आपल्याकडे 'हिला आता पंख फुटलेत' म्हणतात ते नेमकं याच वयात ना? आणि आपलं फडफड, इंग्रजीतलं फ्लॅप, जर्मनमधलं फ्लाटर्न, सगळ्यांची सुरुवात फ-नंच. नातं आहे असा दावा नाही, पंखांचा आवाजच तसा असतो. तरी जर्मन लोक वेगळे निघाले, त्यांनी त्या वयाच्या मुलीला बॅकफिश म्हटलं, म्हणजे मासळी! ब्रिटनमध्ये १९२८ला बायकांचं मतदानाचं वय ३०वरून पुरुषांइतकं २१ केलं तेव्हा चिडलेल्यांनी त्यालाही 'फ्लॅपर व्होट' म्हणून हिणवलं, पंख असे सगळ्यांनाच खुपत होते.

हां, मराठी शब्द. मुलीसाठी 'फटाकडी' चालेल, 'छचोर' अजिबात नको. ड्रेसला फ्लॅपरच म्हणा, पण कंबर खाली असेल तरच, नुसत्या झालरी असतील तर झालरवाला ड्रेस म्हणायला काय जातं?