पगार वेळेवर, पार्ट्याही झाल्या, तरी टीम पाट्या टाकते. लीडर म्हणून काय करू?

तुम्ही लिहिलंय की पगार बरा आहे, पार्ट्या झाल्या, ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ म्हणून फोटोही लावून झाला, तरी कुणाचं कामात मन नाही.

आधी एक विचारतो. ही माणसं रुजू झाली तेव्हाही अशीच होती का? मी बरीच वर्षं टीम सांभाळतोय. नवा माणूस पाट्या टाकत आलाय असं क्वचितच पाहिलं. पहिल्या महिन्यात शंका विचारतो, सुचेल ते बोलतो, आणि वर्षभरात गप्प होतो. त्यामुळे जोश भरायच्या आधी तो गळतोय कुठे ते बघा.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींच्या मुलाखती घेऊन १९५९ साली एक गोष्ट मांडली. पगार, कंपनीचे नियम, साहेबाचं वागणं यांत खोट असली की माणूस वैतागतो. ती दुरुस्त केली की वैताग थांबतो, पण तेवढ्याने काम मनापासून होत नाही. मन लागतं ते काम जमलं, त्याची दखल घेतली गेली, जबाबदारी मिळाली की. त्यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, पण माझा अनुभव याच्या फार जवळ जातो. तुमच्या पार्ट्या पहिल्या खात्यात मोडतात. (सुट्टीच्या दिवशी ठेवल्या असतील तर वैतागाच्याच खात्यात.)

आता तुमच्या टीममधला एखादा रिपोर्ट घ्या, जो कुणीतरी दर आठवड्याला मान मोडून तयार करतं. तो पुढे कोण वाचतं, त्यावरून काय ठरतं, हे त्या माणसाला ठाऊक आहे? कुणीच वाचत नसेल तर आजच बंद करा. वाचत असाल तर सांगा, ‘तू दाखवलेल्या उशिराच्या आकड्यांवरून आपण पुरवठादार बदलला.’ हे एक वाक्य दहा वेळा ‘गुड जॉब’ म्हणण्यापेक्षा जास्त काम करतं, कारण ते फक्त त्यालाच लागू पडतं.

२००७ साली मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या काही जणांची त्यांनी त्याच पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटं भेट घालून दिली. महिन्याभराने पाहिलं, तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता, देणग्याही वाढल्या होत्या. गट लहान होता, हे खरं. पण करून बघायला खर्च तरी काय? आपलं काम ज्याच्या उपयोगी पडतं तो माणूस बऱ्याच कर्मचाऱ्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

बाकी ठाऊक असलेल्याच गोष्टी. चारचौघांत खरडपट्टी काढू नका. काम सोपवलं की ते कसं करायचं हे त्याला ठरवू द्या. दर मेलच्या सीसीत स्वतःला ठेवायला सांगितलंत तर जबाबदारी दिली असं होत नाही. श्रेय वाटताना वरच्या साहेबांसमोर नाव घ्या, केबिनमध्ये बोलावून गुपचूप नको.

आणि हे सगळं करूनही एखादा ठरलेलं काम चोख करून वेळेवर घरी जाईल, पार्टीला येणार नाही, मीटिंगमध्ये टाळ्या वाजवणार नाही. त्याच्या मागे लागू नका. त्याचं काम नीट चाललंय.