फोटोशॉप सातवर अडकलोय, पुढं जाऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार. बार्शीत आमचा स्टुडिओ आहे, वडिलांनी रोलच्या जमान्यात चालू केलेला, आता मी बघतो. सीझनला पंचवीसेक लग्नं होतात, मधे बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण चालूच असतं. एडिटिंग सगळं फोटोशॉप सेवन पॉइंट झिरोवर. पीएसडी (तयार डिझाइनच्या फोटोशॉप फाइली) टाकायच्या, चेहरे साफ करायचे, करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीट बनवून लॅबला पाठवायच्या, हात बसलाय त्यावर. मागच्या दिवाळीत सेकंडहँड कॅनन ईओएस आर घेतला. आता मुलगा मागे लागलाय की लाइटरूम (ढीगभर फोटो एकदम सुधारायचं सॉफ्टवेअर) आणि नवं फोटोशॉप घ्या, महिन्याला पैसे भरून. मला तर ते भाड्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं. पण हळदीच्या फोटोंत चेहरे इतके पिवळे येतात की काही केल्या नीट होत नाहीत, आणि रिसेप्शनला एलईडी वॉलमुळे सगळे जांभळे. सॉफ्टवेअर बदललं की हे सुटेल का? मशीन आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही.
— एक फोटोग्राफर, बार्शी

उत्तर: दादा, तुम्ही लिहिलं नाहीये पण पत्रावरून कळतं की तुम्ही सगळं जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्यानेच आवळून तयार केलेल्या फाइलींत, काढताय. कारण ईओएस आरची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं कच्चं जपणारी, सीआरथ्री प्रकारची असते, ती कॅननने २०१८ मधे आणली, आणि तुमचं सेवन आहे २००२ चं, ते ही फाइल उघडणारच नाही. म्हणजे एवढा चांगला कॅमेरा घेऊन त्याने टिपलेल्यातलं बरंचसं तुम्ही कॅमेऱ्यातच टाकून देताय. पैसे भरायचे की नाही हे नंतर बघू, आधी हे.

जेपेगमधे लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमधे १६,३८४. हळदीला काय होतं बघा, पिवळा मांडव, त्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन, नवरीची पिवळी साडी, तोंडाला हळद, मागे झेंडूच्या माळा. माझ्याकडच्या असल्याच एका फोटोत गालावर कर्सर नेऊन इन्फो पॅलेट बघितली तर लाल २२५, हिरवा १६५ आणि निळा फक्त २८. आता सेवनमधे कर्व्हज (रंग-उजेड कमीजास्त करायचं टूल) घेऊन निळा वर ओढला की गाल नॉर्मल व्हायच्या ऐवजी कपाळावर राखाडी डाग पडतात, कारण तिथे निळ्याची माहिती जवळजवळ उरलेलीच नसते, जे नाही ते ओढून कुठून येणार. तोच फोटो रॉमधे असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते, अजून ठरलेलाच नसतो, टेंपरेचरचा स्लायडर सरकवला की मांडवाचा पिवळा उतरतो आणि त्वचा त्वचेसारखी दिसते. मात्र गालावर खरोखर लावलेली हळद पिवळीच राहू द्या हं, मी असे अल्बम बघितलेत ज्यात हळदीच्या कार्यक्रमात हळदच दिसत नाही. आणि पिवळेपणा काढता काढता सावळ्या मुलीला गोरी करून टाकू नका, हे मला मनापासून सांगायचंय, तिच्या आईला तिचाच चेहरा हवा असतो.

एलईडी वॉलचं मात्र सॉफ्टवेअरने पूर्ण सुटत नाही. चेहऱ्यावर नुसताच जांभळा प्रकाश पडला असेल तर रॉमधेसुद्धा थोडंच सुधारतं. तिथे उपाय फोटो काढतानाच, फ्लॅश लावा, नाहीतर वॉल चालवणाऱ्या पोराला जाऊन सांगा की नवरा-नवरी स्टेजवर असताना बाबा पांढरा किंवा फिका रंग ठेव. गोड बोललं की ऐकतात.

तर पहिलं काम बिनपैशाचं. कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर ठेवा आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल उतरवून घ्या, ते कॅनन फुकट देतं. एका हळदीचे दहा फोटो त्यात उघडा, फक्त व्हाइट बॅलन्स बदला आणि तुमच्या सेवनवाल्या दहा फोटोंशेजारी ठेवून बघा. फरक डोळ्याला दिसला तर पुढचं वाचा, नाही दिसला तर एक रुपया घालू नका. हो, आणि बघायच्या आधी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करा, आपल्याकडे स्टुडिओत तो फुल असतो आणि मग लॅबमधून प्रिंट काळपट आली की आपण लॅबवाल्याला बोलतो.

आता वेळेचं. आमच्याकडे पण २०१६ पर्यंत सेवनच होतं आणि मलाही ते सोडवत नव्हतं, हीलिंग ब्रश त्याच आवृत्तीत पहिल्यांदा आला म्हणून तर गावोगावच्या स्टुडिओंनी ते डोक्यावर घेतलं. मग मी एका लग्नाला घड्याळ लावून वहीत लिहीत गेले. द्यायचे फोटो ६००. सेवनमधे एकेक उघडायचा, लेव्हल्स, कर्व्हज, सेव्ह ॲज, बंद, सरासरी दीड मिनिट. म्हणजे ९०० मिनिटं, १५ तास, आणि यात अल्बम धरलेला नाही. पुढच्या लग्नाला तेच काम लाइटरूममधे केलं. तिथे एकेक फोटो उघडत बसत नाही, उजेडाप्रमाणे गट पाडायचे, मांडवातली हळद एक गट, अंतरपाट आणि अक्षता एक, बाहेरची वरात एक, रिसेप्शन एक. गटातला एक फोटो नीट करायचा आणि बाकीच्यांना सिंक मारायचं, म्हणजे तेच बदल एकदम लावायचे, मग फक्त जे बिघडलेत ते हाताने. साडेचार तास लागले, तेही नवशिकी असताना. साडेदहा तास वाचले एका लग्नाला. तुमच्या पंचवीस लग्नांना गुणा, अडीचशे तासांच्या वर जातं. तुमच्याकडे एडिटिंगला बसणाऱ्या पोराला तुम्ही तासाला काय देता ते तुम्हाला माहीत आहे, स्वतः बसत असाल तर स्वतःचा तास फुकट धरू नका. हा आकडा एका बाजूला आणि वर्षाची वर्गणी दुसऱ्या बाजूला मांडा, उत्तर मुलालाही मिळेल आणि तुम्हालाही.

भाड्याच्या घराचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे आणि मलाही ते खुपतं. पेटीत विकत मिळणारं शेवटचं फोटोशॉप सीएससिक्स, २०१२ चं, २०१३ पासून ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने नवं फोटोशॉप वर्गणीवरच द्यायला सुरुवात केली. लाइटरूमचं विकतचं शेवटचं म्हणजे सहा, २०१५ चं. पैसे भरायचं थांबवलं तर लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण डेव्हलप (फोटो सुधारायचा भाग) बंद, म्हणजे नवीन काम ठप्प. आणि प्लॅन निवडताना नीट वाचा. 'वार्षिक, पण हप्ता महिन्याला' असा एक प्रकार असतो, तो महिन्याचा वाटतो पण बांधिलकी वर्षाची असते, मधेच सोडला तर दंड लागतो. याच दंडाच्या लपवाछपवीवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय खात्याने २०२४ च्या जूनमधे अडोबीवर खटला भरला होता. तेव्हा कार्ड नंबर टाकायच्या आधी मुलाला ती बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला सांगा.

एवढं करून घ्यायचं काय? माझ्या मते तुम्हाला लाइटरूम लागणार आहे, नव्या फोटोशॉपची घाई नाही. रॉ लाइटरूममधे नीट करायच्या, जेपेग काढायच्या आणि अल्बम यंदाच्या सीझनला सेवनवरच बनवायचे, तुमच्या सगळ्या पीएसडी तिथे चालतात, हात बसलाय, १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलची होते तेवढी ते आरामात पेलतं. सीएमवायकेच्या (छापखान्याच्या शाईच्या रंगपद्धतीच्या) नादाला लागू नका, आपल्याकडच्या बहुतेक अल्बम लॅब एसआरजीबी (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीतल्या) जेपेगच घेतात. नव्या फोटोशॉपचा एक फायदा मात्र मी रोज भोगते, मराठी. सेवनमधे युनिकोडमधे (मोबाइलवर टाइप करतो त्या मराठीत) लिहिलं की 'चि. सौ. कां.' मधल्या 'चि' पासूनच वेलांटी भलतीकडे आणि पुढे नावात 'र्णि' आलं की जोडाक्षराचे तुकडे, म्हणून तर आपण अजून श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट सांभाळून बसलोय. नव्यात युनिकोड सरळ बसतं. लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही असलेला फोटोग्राफीचा प्लॅन घेतलात तर हे आपोआपच मिळेल.

क्रॅक मारून, म्हणजे चोरीचं, नवं टाकूया असं कोणी म्हणेल, त्याला दारातूनच परत पाठवा. आमच्याकडे एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने तसं टाकून दिलं होतं, चौथ्या दिवशी डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि उघडायला पैसे मागणारी चिठ्ठी. एका लग्नाची कॉपी दुसरीकडे नव्हती. नवरीची आजी त्या लग्नानंतर महिन्याभरात गेली, तिचे ते फोटो मी देऊ शकले नाही. अजून ते घर दिसलं की मी रस्ता बदलते.

फुकटातलंही आहे, आणि चांगलं आहे. डार्कटेबल रॉसाठी, ताकद भरपूर पण शिकायला जड, आठवडा डोकं धरून बसावं लागेल. अल्बमसाठी ॲफिनिटी, २०२५ च्या ऑक्टोबरपासून कॅनव्हाने ते फुकट केलंय, खातं मात्र उघडावं लागतं. सीझनमधे यातलं काही सुरू करू नका. आषाढी ते तुळशीचं लग्न यात सहसा मुहूर्त नसतात, तेव्हा शिका. लाइटरूमची ७ दिवसांची फुकट ट्रायल मात्र उलट करा, ती हातात खरं लग्न असताना सुरू करा, आणि वहीत वेळ लिहा, रिकाम्या आठवड्यात नुसती बटणं दाबून काही कळत नाही.

राहिलं मशीन. ८ जीबीवर लाइटरूम उघडेल पण तुमचा जीव काढेल. रॅम १६ करा आणि विंडोज जुन्या फिरत्या डिस्कवर असेल तर एसएसडी टाका. विंडोज ७ असेल तर नवं काही चढणारच नाही, तेही बघा. २०२३ पासून लाइटरूममधे एआय डीनॉइज आलंय, रात्रीच्या वरातीतले दाणेदार फोटो त्याने खरंच सुरेख होतात, पण ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटं खातं, ६०० फोटोंना लावायचा विचारही करू नका, अल्बमच्या मोठ्या पानावर जाणाऱ्या चार-पाच फोटोंना लावा. पैसे एकदम नसतील तर आधी रॅम आणि एसएसडी, मग वर्गणी.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, चिपळूणला असते. आईवडिलांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत, दमटपणामुळे बुरशीचे ठिपके पडलेत. नातवाने सांगितलं की यासाठी प्रोफेशनल फोटोशॉप घ्यावंच लागेल. खरंच लागेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: नाही लागणार बाई. गिंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २०२५ च्या मार्चमधे त्याची तिसरी आवृत्ती आली, त्यातलं हीलिंग टूल ठिपके काढायला पुरतं. त्यापेक्षा स्कॅन नीट होणं महत्त्वाचं. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला करून घ्या आणि टिफ फाइल (दर्जा न घटवणारी) मागा, दोन बाय तीन इंचाचा फोटो तेवढ्यात १,२०० बाय १,८०० पिक्सेलचा होतो, म्हणजे चार बाय सहाची प्रिंट छान निघते. मूळ फोटो ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, वरचा थरच निघून येईल, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका, तेही पावसाळा सरल्यावर. काम करताना ठिपका मोठा करून बघा, एकेक ठिपका, ब्रश ठिपक्याहून जेमतेम मोठा. भिंतीवरचे, पदरावरचे ठिपके आधी काढा म्हणजे हात बसेल, डोळे आणि ओठ शेवटी. आणि मूळ स्कॅन तसाच वेगळा ठेवून कॉपीवर काम करा, नातवाला एवढं एक काम द्या, दोन ठिकाणी कॉपी ठेवायचं.