रात्रीचे ट्रक मोजायचे कसे?

प्रश्न: नमस्कार, आम्ही पुण्यात वाघोलीला राहतो. पाच वर्षांत आजूबाजूला नुसत्या बिल्डिंगा उठल्यात आणि त्यांच्यामागे डंपर, सिमेंटचे मिक्सर, मालाचे ट्रक. सोसायटीबाहेर रात्रभर गाड्या लागलेल्या असतात, सकाळी मुलांना स्कूलबसपर्यंत भर रस्त्यातून न्यावं लागतं. तक्रार केली की विचारतात, किती ट्रक, किती वेळ, पुरावा काय? आम्ही साध्या माणसांनी हे मोजायचं कसं?

उत्तर: नक्की मोजता येतं, आम्ही आमच्या भागात केलंय. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली पण रस्ते अजून गावाच्याच मापाचे आहेत, त्यामुळे तुमचा त्रास खराच आहे. आधी रस्त्याची रुंदी टेपने मोजा. ट्रक साधारण अडीच मीटर रुंद, दोन्ही बाजूंना लागले की पाच मीटर गेलेच, मग काय उरतं ते मांडून दाखवा. नंतर दर तासाला एक फेरी मारायची आणि उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे, तोच नंबर सलग सहा फेऱ्यांत दिसला की कळतं गाडी माल उतरवायला थांबलेली नाही, मुक्कामाला आहे. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, पण रात्री दोनची फेरी चुकवू नका, आम्ही पहिल्यांदा ती सोडली आणि सगळी मेहनत वाया गेली. धावत्या गाड्याही मोजा, त्यात ट्रक आणि कार वेगळ्या लिहा, कारण रस्त्यावरची गर्दी काढताना शहरी रस्त्यावर एक ट्रक निदान दोन कारइतका धरतात.

आणि ड्रायव्हरशी बोला हो, मनापासून सांगते. आम्ही चिडून गेलो होतो, तर बहुतेकजण नो एन्ट्री सुटायची वाट बघत होते, त्यांना ना टॉयलेट ना थांबायला जागा. चाकाला लावलेले दगड मात्र ते तिथेच टाकून जायचे आणि अंधारात टू-व्हीलरवाले त्यावर आपटायचे, त्या दगडांचेही फोटो काढा.

हे सगळं एका नकाशावर मांडून वाहतूक शाखेला आणि क्षेत्रीय कार्यालयाला द्या, पोच घ्या. धोकादायक उभ्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे, अवजड गाड्यांच्या वेळा ठरवायला ११५. अर्जात ट्रकसाठी दुसरी जागाही सुचवा, नाहीतर ते उठून शेजारच्या गल्लीत लागतील.